बाळ कडेवर, पण लक्ष कुठे?

रडणाऱ्या तान्ह्याला लगेच उचलायचं की जरा रडू द्यायचं, यावर आपल्या घरांमध्ये दोन पक्ष असतात. एक म्हणतो, उचलू नका, हाताची सवय लागेल. रडल्याने फुफ्फुसं मोकळी होतात. दुसरा पक्ष बहुधा तरुण आणि मोबाइलवर बरंच वाचलेला. त्याचं म्हणणं, एकदा जरी रडू दिलं तरी मुलाच्या मनावर कायमचा ओरखडा उमटेल. या दुसऱ्या पक्षाला गेल्या काही वर्षांत एक तयार नाव मिळालं आहे, अटॅचमेंट पेरेंटिंग. बाळाला अंगाशी बांधून वागवायचं, मागेल तेव्हा अंगावर पाजायचं, रात्री शेजारी घेऊन झोपायचं, रडू म्हणून द्यायचं नाही. आणि हे सगळं केलं की मूल सुरक्षित मनाचं, आत्मविश्वासाचं होतं, हे विज्ञानाने सिद्ध केलंय, असा एकूण सूर असतो. यातला पहिला भाग सल्ला आहे आणि शेवटचा भाग दावा. सल्ल्याबद्दल तक्रार करण्यासारखं फारसं नाही. दाव्यात मात्र मोठी गफलत आहे, आणि ती कुठे झाली हे समजलं की दोन्ही पक्षांचं निम्मं भांडण आपोआप मिटतं.

हे नाव रूढ केलं कॅलिफोर्नियातले बालरोगतज्ज्ञ विल्यम सिअर्स आणि त्यांच्या पत्नी, परिचारिका मार्था सिअर्स यांनी. जीन लीडलॉफ या लेखिकेने व्हेनेझुएलाच्या जंगलातल्या येक्वाना लोकांमध्ये राहून १९७५ मध्ये एक पुस्तक लिहिलं होतं. दिवसभर अंगाखांद्यावर वाढणारी तिथली मुलं तिला कमालीची शांत आणि समाधानी वाटली. सिअर्स दांपत्यावर त्या पुस्तकाचा मोठा प्रभाव होता. पुढे १९९० च्या दशकात त्यांच्या पुस्तकांनी अमेरिकेत जोर धरला आणि पालकांच्या हाती सात कलमी यादी आली. इंग्रजी ‘बी’ अक्षरापासून सुरू होणारी सात कलमं: जन्मल्या जन्मल्या जवळीक, स्तनपान, बाळाला अंगावर वागवणं, जवळ झोपवणं, रडण्यावर विश्वास ठेवणं, बाळाला शिस्त लावायला निघालेल्यांपासून सावध राहणं, आणि शेवटी समतोल. सातवं कलम बहुतेकांच्या लक्षात राहत नाही. २०१२ च्या मे महिन्यात ‘टाइम’ साप्ताहिकाने मुखपृष्ठावर स्टुलावर उभ्या असलेल्या, जवळजवळ चार वर्षांच्या मुलाला अंगावर पाजणारी आई छापली आणि वर प्रश्न टाकला, की तुम्ही पुरेशा आई आहात का? त्या चित्राने ही पद्धत जगभर पोचवली. आईपण मोजायची पट्टीही त्याच्यासोबतच पोचली.

मराठी वाचकाला या यादीतलं फारसं काही नवं वाटणार नाही. अंगावर पाजणं, कुशीत झोपवणं, कडेवर घेऊन अंगणात फिरवणं, शेतावर झाडाला झोळी बांधणं हे आपल्याकडे कुणी पुस्तक वाचून केलं नाही. पण एक फरक आहे. आपल्या घरातलं बाळ एकटीच्या अंगावर कधी नव्हतं. तेल लावून आंघोळ घालणारी बाई, आजी, काकू, शेजारची शाळकरी मुलगी, संध्याकाळी खांद्यावर घेणारे आजोबा असे कितीतरी हात त्यात होते. अमेरिकेत ती सगळी कामं एका यादीत आली आणि यादी एका बाईच्या गळ्यात पडली. आता पुण्या-ठाण्याच्या दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये तीच यादी परत येते आहे, आणि इथेही ती बहुतेक वेळा एकटीच्याच वाट्याला येते.

विज्ञानाची गोष्ट मात्र या यादीच्या बरीच आधीची आहे आणि वेगळी आहे. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात पाश्चात्त्य जगात शहाणपणाचा सल्ला म्हणजे मुलांपासून अंतर राखा. वर्तनवादाचे जनक जॉन वॉटसन यांनी १९२८ मध्ये पालकांसाठी लिहिलेल्या पुस्तकात मुलांना मिठीत घेऊ नये, पापे घेऊ नयेत, सकाळी फार तर हस्तांदोलन करावं असं सुचवलं होतं. ब्रिटनमधल्या कित्येक रुग्णालयांत मुलाला भरती केलं की आईवडिलांना भेटायला आठवड्यातून मोजका वेळ मिळायचा. मूल आधी रडतं, मग ‘रुळतं’, अशी परिचारिकांची समजूत होती. मनोविकारतज्ज्ञ जॉन बोल्बी यांनी या समजुतीलाच आव्हान दिलं. युद्धाने बेघर झालेल्या मुलांवर त्यांनी जागतिक आरोग्य संघटनेसाठी १९५१ मध्ये अहवाल लिहिला. दुसऱ्या वर्षी त्यांचे सहकारी जेम्स रॉबर्टसन यांनी रुग्णालयात आठ दिवस राहिलेल्या एका दोन वर्षांच्या मुलीचं चित्रीकरण करून दाखवलं. ते ‘रुळणं’ म्हणजे प्रत्यक्षात हताश होऊन गप्प होणं होतं. तिकडे अमेरिकेत हॅरी हार्लो यांनी १९५८ मध्ये माकडांच्या पिल्लांवरचे प्रयोग प्रसिद्ध केले. दूध देणारी तारेची आई आणि दूध न देणारी मऊ कापडाची आई, यांत पिल्लं पोट भरण्यापुरती तारेकडे जात आणि बाकी सगळा वेळ कापडाला बिलगून राहत. दूध मिळतं म्हणून मुलाला लळा लागतो, हा हिशेब तिथेच संपला. बोल्बींचं म्हणणं असं, की धोका वाटला की विश्वासाच्या माणसाकडे धाव घ्यायची आणि धोका सरला की पुन्हा खेळायला निघायचं, ही जगण्यासाठी घडलेली उपजत यंत्रणा आहे. अटॅचमेंट म्हणजे मुलाकडून मोठ्या माणसाकडे जाणारा हा धागा. आईला बाळाबद्दल वाटणारी माया, किंवा प्रसूतीनंतरच्या पहिल्या तासात जुळणारं काहीतरी, ही निराळी गोष्ट आहे. सिझेरियननंतर किंवा बाळ काचेच्या पेटीत असताना पहिला तास हुकलेल्या हजारो आयांना उगाच खंत लागते ती या दोहोंच्या सरमिसळीमुळे.

बोल्बींच्या कल्पनेला मापून दाखवलं मेरी एन्सवर्थ यांनी. १९५४-५५ मध्ये त्या युगांडात कंपालाजवळच्या खेड्यांमध्ये गेल्या आणि गांडा समाजातल्या आया आणि तान्ही बाळं यांचं घरोघरी जाऊन निरीक्षण केलं. नंतर अमेरिकेत बाल्टिमोर इथे २६ कुटुंबांकडे त्या आणि त्यांचे सहकारी बाळाच्या पहिल्या वर्षभर दर तीन आठवड्यांनी जात आणि प्रत्येक वेळी चार-चार तास बसून टिपणं काढत. वर्षाच्या शेवटी बाळाला प्रयोगशाळेत आणलं जाई. खोलीत दोन खुर्च्या, जमिनीवर खेळणी. आई बसते, बाळ खेळायला लागतं. एक अनोळखी बाई येते. थोड्या वेळाने आई उठून बाहेर जाते. बाळ बहुधा रडायला लागतं. तीन मिनिटांत, फार रडलं तर त्याआधीच, आई परत येते. मग पुन्हा एकदा ती जाते, या वेळी बाळ एकटंच, नंतर ती अनोळखी बाई येते, आणि शेवटी आई. सगळं मिळून वीसेक मिनिटांचा हा प्रकार. बघणाऱ्याला वाटतं, आई गेल्यावर मूल किती रडलं ते इथे मोजतात. एन्सवर्थ यांना जास्त सांगून गेली ती आई परत आल्यानंतरची दोन-तीन मिनिटं. काही बाळं सरळ तिच्याकडे रांगत जात, हात वर करत, खांद्यावर डोकं टेकवत, आणि बघता बघता शांत होऊन पुन्हा ठोकळ्यांकडे वळत. काही बाळं तिच्याकडे पाहतच नसत, पाठ फिरवून खेळण्यात गुंग असल्यासारखी बसत. काही बिलगत आणि त्याच वेळी ढकलत, हातातलं खेळणं भिरकावत, काही केल्या शांत होत नसत. पहिल्या प्रकाराला सुरक्षित बंध म्हटलं गेलं, दुसऱ्याला टाळणारा, तिसऱ्याला द्विधा. पुढे मेरी मेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक चौथा प्रकार नोंदवला. त्यात मुलाकडे काही धोरणच दिसत नाही, ते आईकडे येता येता मध्येच थिजतं. घरात भीती असते, किंवा सांभाळणारा माणूसच भीतीचं कारण असतो, तिथे हा प्रकार जास्त आढळतो.

आता खरा प्रश्न, कोणती बाळं सुरक्षित निघाली? युगांडात बहुतेक बाळं आईचं दूध पीत होती, पाठीला बांधून फिरत होती, आईजवळच झोपत होती. सिअर्स यांची यादी अजून जन्मायची होती आणि त्या खेड्यांमध्ये ती जवळजवळ पूर्ण पाळली जात होती. तरीही काही बाळं सुरक्षित होती, काही नव्हती. यादी सगळ्यांची सारखी असेल तर मुलांमधला फरक यादीने कसा आला असेल? बाल्टिमोरमध्ये उलट टोक होतं, बाटलीने पाजणाऱ्या आया भरपूर, आणि त्यांचीही कित्येक बाळं पूर्ण सुरक्षित. फरक दिसला तो पाजण्याच्या रीतीत. बाळाने तोंड फिरवलं की थांबणारी, गिळायला वेळ देणारी, पुन्हा तोंड पुढे येण्याची वाट पाहणारी आई एकीकडे. आणि बाटली संपलीच पाहिजे म्हणून तोंडात कोंबणारी, किंवा भलतीकडे बघत पाजणारी दुसरीकडे. उचलण्याचंही तसंच. बाळाला किती वेळ उचललं यापेक्षा कसं उचललं आणि त्याला हवं होतं तेव्हा उचललं का, याला जास्त महत्त्व. एन्सवर्थ यांनी याला संवेदनशीलता म्हटलं: बाळाची खूण दिसणं, तिचा अर्थ बरोबर लावणं, आणि वेळेत, योग्य ते करणं. सोप्या मराठीत, लक्ष असणं. कापडी झोळणीत छातीशी बांधलेलं बाळ आणि तासभर फोनमध्ये बुडालेली नजर असाही जोड असू शकतो. आणि पाळण्यातल्या बाळाने नुसतं कुं केलं की स्वयंपाकघरातून ‘आले गं’ म्हणून येणारी आजीही असू शकते.

या चाचणीतून निघालेली सगळ्यात उपयोगी गोष्ट मात्र वेगळीच आहे, आणि ती आपल्याकडे फार कमी पोचली आहे. पाठ फिरवून खेळत बसलेलं ते दुसऱ्या प्रकारचं मूल बघणाऱ्याला भारी शहाणं वाटतं. ‘किती गुणी, आई गेली तरी हूं की चूं नाही’, असं कौतुक त्याच्याच वाट्याला येतं. अॅलन स्रूफ आणि एव्हरेट वॉटर्स यांनी १९७७ मध्ये अशा बाळांचे हृदयाचे ठोके मोजून दाखवले, आणि १९९३ मध्ये जर्मनीत गॉटफ्रीड श्पांगलर व क्लाउस ग्रॉसमन यांनी लाळेतलं ताणाचं संप्रेरक तपासलं. वरून शांत बसलेलं हे मूल आतून तितकंच, काही वेळा जास्त, घाबरलेलं होतं. ते रडत नव्हतं, कारण रडून उपयोग होत नाही हे ते वर्षभरात शिकलं होतं. म्हणजे कडेवर घेतलं तर परावलंबी होईल, रडू दिलं तर घट्ट बनेल, हा पहिल्या पक्षाचा मुख्य मुद्दा पुराव्यापुढे टिकत नाही. सुरक्षित बाळ आई गेली की चांगलं मोठ्याने रडू शकतं. पुढच्या वर्षांत तेच जास्त धीटपणे लांब जातं. मिनेसोटात १९७५ च्या सुमारास सुरू होऊन मुलं मोठी होईपर्यंत चाललेल्या अभ्यासात हे वारंवार दिसलं. पण याचा अर्थ सदानकदा चिकटून राहणारं मूलच सुरक्षित, असाही काढता येत नाही. चिकटणं हा द्विधा बंधाचाही भाग असू शकतो.

यावर यादीवाल्यांचा एक वजनदार आक्षेप आहे, आणि तो टाळून पुढे जाणं अप्रामाणिकपणाचं ठरेल. न्यूयॉर्कमध्ये एलिझाबेथ अॅनिसफेल्ड आणि सहकाऱ्यांनी कमी उत्पन्न गटातल्या आयांना चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट करून वस्तू वाटल्या. काहींना बाळाला अंगावर घ्यायची मऊ झोळणी, काहींना बाळाला बसवायची प्लास्टिकची खुर्ची. १३ महिन्यांनी झोळणीच्या गटातली ८३ टक्के मुलं सुरक्षित निघाली, खुर्चीच्या गटातली फक्त ३८ टक्के. १९९० मध्ये प्रसिद्ध झालेला हा प्रयोग छोटा आहे, पन्नासेक कुटुंबांचा. पण केवळ लहान म्हणून तो उडवून लावता येत नाही. मग अंगावर वागवणं महत्त्वाचं नाही, असं कसं म्हणायचं? तसं मी म्हणतच नाही. याच अभ्यासात झोळणीवाल्या आया बाळांच्या आवाजाला जास्त प्रतिसाद देताना दिसल्या. बाळ छातीशी असलं की त्याची हालचाल, श्वास, कुरबुर आपोआप कळते. ज्या आईला कामाच्या ओझ्यात, ताणात ते कळायला एरवी वेळच मिळाला नसता, तिला झोळणीने ती खूण जवळ आणून दिली. साधन कामाचं आहेच. पण ते साधन आहे, साध्य नाही. ज्या आईला बाळ अंगावर बांधून कंबरदुखीने जीव नकोसा होतो, तिने ते उतरवून ठेवून मोकळ्या मनाने त्याच्याकडे बघितलं तर काही बिघडत नाही. हे तिला कुणी सांगत नाही, हा या चळवळीचा खरा दोष.

रडण्याबद्दलचा पुरावाही कुठल्याच पक्षाला पुरतं सुख देत नाही. सिल्व्हिया बेल आणि एन्सवर्थ यांनी १९७२ मध्ये लिहिलं, की पहिल्या महिन्यांत ज्या बाळांच्या रडण्याला लवकर ओ मिळाली ती वर्षाअखेर कमी रडत होती. पहिल्या पक्षाला हा जबर तडाखा होता. मात्र १९९१ मध्ये नेदरलँड्समध्ये हबर्ड आणि व्हान आयझेंडोर्न यांनी पन्नास बाळांवर तोच अभ्यास जास्त काटेकोरपणे केला तेव्हा निष्कर्ष जुळला नाही. बारीकसारीक कुरबुरीकडे थोडं दुर्लक्ष झालेली बाळं पुढे कमी रडताना दिसली. याची संगती त्यांनी अशी लावली, की चांगली आई प्रत्येक रडण्याला सारखाच प्रतिसाद देत नाही. कळवळून रडणं आणि झोपेतली कुरकुर यांतला फरक तिला कळतो. सात-आठ महिन्यांच्या बाळाला रात्री स्वतःहून झोपायला शिकवण्याच्या पद्धतींबद्दल तर कडाक्याचे वाद झाले. मेलबर्नमध्ये ३२६ मुलांचा सहा वर्षांच्या वयापर्यंत पाठपुरावा झाला आणि अॅडलेडमध्ये ४३ बाळांवर प्रयोग झाला. दोन्हीकडे टप्प्याटप्प्याने झोप शिकवलेल्या मुलांच्या मनाला किंवा आईबरोबरच्या बंधाला इजा झाल्याचं आढळलं नाही. अर्थात दीड महिन्याच्या तान्ह्याला खोलीत बंद करून रडू द्या, असं या अभ्यासांत कुठेही नाही. ज्यांना बाळ शेजारी घेऊन झोपायचं आहे त्यांनी खुशाल झोपावं. फक्त दारू किंवा गुंगीचं औषध घेतलेलं असेल तर नाही, आणि सोफ्यावर तर कधीच नाही. हा श्वास कोंडण्याचा प्रश्न आहे, त्याचा बंधाशी काही संबंध नाही.

या सगळ्यातला सर्वांत दिलासा देणारा आकडा एडवर्ड ट्रॉनिक यांच्या कामातून येतो. आई आणि बाळ समोरासमोर खेळत असताना त्यांचं चित्रीकरण करून क्षणाक्षणाचा हिशेब मांडला, तर निरोगी, आनंदी जोड्यांचाही सूर सुमारे ३० टक्के वेळच जुळलेला असतो. बाकी वेळ आई हसते तेव्हा बाळ दुसरीकडे बघतं, बाळ हात पुढे करतं तेव्हा आई नाक पुसते. चुकतं, पुन्हा जुळतं, पुन्हा चुकतं. बाळ शिकतं ते तुटलेलं जुळवता येतं हे. ब्रिटिश बालरोगतज्ज्ञ डोनाल्ड विनिकॉट यांनी १९५० च्या दशकातच ‘पुरेशी चांगली आई’ ही कल्पना मांडली होती. मूल वाढत जातं तसं आईचं थोडं थोडं कमी पडणं त्याच्या वाढीसाठी गरजेचं असतं, असं ते मानत. सात कलमं शंभर टक्के पाळू पाहणाऱ्या बाईला कुणी ही दोन नावं सांगितली तर बरं होईल.

आईच का, हाही प्रश्न आहेच. बोल्बींच्या १९५१ च्या अहवालात आईवर फारच भर होता आणि नोकरी करणाऱ्या बायकांना घरी बसवायला त्याचा वापर झाला. पण १९६४ मध्येच शाफर आणि इमर्सन यांनी ग्लासगोतल्या ६० बाळांचा मागोवा घेऊन दाखवलं, की दीड वर्षाचं होईपर्यंत बहुतेक मुलांना एकापेक्षा जास्त माणसांचा लळा लागतो; वडील, आजी, मोठी भावंडं, कुणीही. अमेरिकेत १९९१ मध्ये सुरू झालेल्या, १,३६४ कुटुंबांच्या पाळणाघर-अभ्यासाने १९९७ मध्ये सांगितलं की नुसतं पाळणाघरात जाण्याने बंध बिघडत नाही. आईच्या बाजूने प्रतिसाद कमी आणि पाळणाघरही वाईट, असं दोन्ही एकत्र आलं की धोका वाढतो. नऊवारीतल्या पणजीला हे ऐकवलं असतं तर तिला त्यात नवल वाटलं नसतं.

मूल दोन-तीन वर्षांचं झालं की अटॅचमेंटची चर्चा वेगळ्याच वळणावर जाते आणि तिथे दुसरी गल्लत होते. रडण्याला ओ द्यायची म्हणजे मागेल ते द्यायचं, नाही म्हणायचं नाही, असा अर्थ काही घरांत लावला जातो. मग दुकानात लोळण घेणाऱ्या चार वर्षांच्या मुलापुढे आईवडील हात जोडून उभे. बर्कलीच्या डायना बॉमरिंड यांनी १९६० च्या दशकात पालकांच्या तीन पद्धती ओळखल्या: हुकूमशाही, ढिली, आणि तिसरी, जिच्यात माया आणि नियम दोन्ही भरपूर असतात आणि नियमामागचं कारणही सांगितलं जातं. १९८३ मध्ये मॅकोबी आणि मार्टिन यांनी चौथी जोडली, लक्षच नसलेल्या पालकांची. अभ्यास, वागणूक, आत्मविश्वास या बाबतींत तिसऱ्या पद्धतीतली मुलं सरासरीने बरी दिसतात. तान्हेपणी प्रतिसाद देणं आणि मोठेपणी नियम लावणं यांत विरोध नाही. भुकेने रडणारं सहा महिन्यांचं बाळ आणि चॉकलेटसाठी रडणारं मूल या दोन वेगळ्या खुणा आहेत, त्यांचं उत्तरही वेगळंच असणार. कडक शिस्तीच्या आपल्या आजोबांना हुकूमशहा ठरवण्याआधी थोडं थांबावं, असंही एक संशोधन सांगतं. रूथ चाओ यांनी १९९४ मध्ये दाखवलं, की अमेरिकेतल्या चिनी घरांत जे वरून हुकूमशाहीसारखं दिसतं त्यात मुलासाठी झिजण्याचा आणि घडवण्याचा भाग मोठा असतो, आणि ती मुलं अभ्यासात मागे पडत नाहीत. आपल्या घरांनाही तो मुद्दा लागू पडावा. मारहाणीला मात्र यातून पाठिंबा मिळत नाही.

मग कुणी विचारेल, यात पाश्चात्त्यांचीच मोजपट्टी सगळ्या जगाला लावली नाही का? आक्षेप रास्त आहे. जपानमध्ये साप्पोरो इथे ही चाचणी झाली तेव्हा द्विधा बाळं जास्त निघाली, आणि कारण उघड होतं: आईपासून कधी मिनिटभरही वेगळं न झालेल्या बाळाला तीन मिनिटं एकटं ठेवणं म्हणजे त्याच्यासाठी आकाश कोसळण्यासारखंच. उत्तर जर्मनीत टाळणारी बाळं जास्त निघाली. तिथे लवकर स्वावलंबी होण्याला किंमत होती. पण १९८८ मध्ये व्हान आयझेंडोर्न आणि क्रूननबर्ग यांनी ८ देशांतले ३२ अभ्यास आणि जवळजवळ २,००० बाळं एकत्र ताडून पाहिली, तेव्हा देशादेशांतल्या फरकापेक्षा एकाच देशातल्या अभ्यासांमधले फरक दीडपट मोठे निघाले आणि सुरक्षित बाळांचं प्रमाण जवळजवळ सगळीकडे सर्वाधिक होतं. चाचणीची मांडणी एका संस्कृतीची आहे, हे मान्य. घाबरल्यावर विश्वासाचा माणूस शोधणं सगळीकडचं आहे.

उलट बाजूने येणारा आक्षेप जास्त टोकदार आहे: पालक इतके महत्त्वाचे असतात तरी का? ज्युडिथ रिच हॅरिस यांनी १९९८ मध्ये आख्खं पुस्तक लिहून सांगितलं की मुलांचा स्वभाव जनुकं आणि सवंगडी घडवतात, आईबाप आपल्या मेहनतीचं श्रेय उगाच घेतात. त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे. आईची संवेदनशीलता आणि बाळाचा बंध यांचा संबंध सगळ्या अभ्यासांच्या सरासरीत मध्यमच भरतो, तान्हेपणीच्या बंधावरून पंधराव्या-विसाव्या वर्षाचं भाकीत करता येत नाही, आणि किशोरवयात तर बंधातल्या फरकांमागे जनुकांचा वाटा सुमारे ४० टक्के असल्याचं जुळ्यांच्या एका अभ्यासात दिसलं. ‘पहिल्या तीन वर्षांत सगळं ठरतं’ हे वाक्य म्हणूनच खोटं आहे. पण परिणाम कमी आहे आणि परिणाम नाही, यांत फरक आहे. आणि अगदी तळाशी तो अजिबात कमी नाही. हुकूमशहा चाउशेस्कूची राजवट कोसळल्यावर रुमानियाच्या अनाथालयांत पंधरा-वीस बाळांमागे एक बाई असलेली मुलं सापडली. बुखारेस्टमध्ये २००० पासून १३६ मुलांचा अभ्यास झाला; त्यांतल्या निम्म्यांना चिठ्ठ्या टाकून पालक-कुटुंबांत पाठवलं. कुटुंब मिळालेली मुलं सावरली, आणि दोन वर्षांच्या आत गेलेली जास्त सावरली. तिथे बाळांना खायला मिळत होतं, कपडे होते. ठराविक माणूस नव्हता.

पालकांना मदत करायची असेल तर काय उपयोगी पडतं, याचंही उत्तर आता बऱ्यापैकी हाती आहे. नेदरलँड्समधल्या लायडन इथल्या संशोधकांनी २००३ मध्ये ७० अभ्यास एकत्र करून पाहिले. लांबलचक, सगळं काही शिकवू पाहणाऱ्या वर्गांपेक्षा मोजक्या भेटींचे, फक्त बाळाच्या खुणा ओळखण्यावर भर देणारे कार्यक्रम जास्त गुणकारी ठरले. त्यांची आवडती पद्धत साधी आहे: घरी जाऊन आई-बाळाच्या खेळण्याचं चित्रीकरण करायचं आणि तिलाच दाखवायचं, हे बघा, इथे त्याने तुमच्याकडे पाहिलं, तुम्ही हसलात, त्याचे पाय कसे हलले. आपल्याकडे घरी पोचणारी माणसं आहेतच, आशा कार्यकर्त्या आणि अंगणवाडीच्या ताई. त्यांच्या वहीत वजन आणि लसीकरणाचे रकाने आहेत. नोकरदार आयांसाठी प्रसूती लाभ कायद्याच्या २०१७ च्या दुरुस्तीने पहिल्या दोन बाळंतपणांना २६ आठवडे पगारी रजा दिली आणि ५० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या ठिकाणी पाळणाघर बंधनकारक केलं. आईला दिवसातून चार वेळा तिथे जाता येतं, असंही कायदा म्हणतो. ऊसतोडीच्या फडावर किंवा बांधकामाच्या साइटवर काम करणाऱ्या बाईला यातलं काही मिळत नाही. तिचं बाळ सहा-सात वर्षांच्या बहिणीच्या कडेवर असतं. मुंबईत बांधकामांच्या जागी पाळणाघरं चालवणाऱ्या संस्था १९७० च्या दशकापासून काम करत आहेत, पण गरजेच्या मानाने ती थोडीच. आणि शहरातल्या महागड्या पाळणाघरात मूल ठेवणाऱ्यांनी भिंतीवरची चित्रं आणि इंग्रजी बडबडगीतांची यादी बघत बसण्यापेक्षा दोन प्रश्न विचारावेत: एका ताईकडे किती तान्ही बाळं असतात, आणि गेल्या वर्षभरात ताई किती वेळा बदलल्या?